वसुलीला दारात येऊ नगंस

५ जुलै २०२४

साक्षी,

तुझे दोन मिस्ड कॉल दिसले. मुद्दामच उचलले नाहीत. आमचा बा उंब्रजच्या त्या मेंढरांच्या व्यापाऱ्याशी फोनवर मोकळेपणानं बोलला. यात्रेचा हिशोब नानासो सरपंच कधी दाखवत नाहीत, एवढंच म्हणाला. त्या मेल्यानं ते बोलणं रेकॉर्ड करून थेट नानासोंना, म्हणजे तुझ्या आप्पांना पाठवलं आणि आप्पांनी ते बिरोबाच्या देवळातल्या कर्ण्यावरून अख्ख्या गावाला ऐकवलं. तेव्हापासून आमच्या घरात मनातलं कुणी फोनवर बोलत नाही. मला बोलायचं असेल तर मी लिहीन. तुला उत्तर द्यायचं असेल तर तूही लिही. आमच्याकडे पोस्टमन अजून येतो.

मी ग्रामपंचायतीत लागले हे खरं आहे. घरपट्टी आणि पाणीपट्टीची वसुली, कंत्राटी पगारावर. केरबाअण्णा रिटायर झाले आणि त्यांची पिशवी माझ्या खांद्यावर आली. रोज गल्लोगल्ली फिरते. कुणी म्हणतं, उसाचं बिल आलं की देतो. कुणी म्हणतं, नळाला पानी न्हाई आन पट्टी कसली मागतीस. कुणी मला लांबून बघून दाराला कडी घालतं. मला त्याचं काही वाटत नाही. या कामासाठी मी तुझ्या आप्पांच्या पाया पडायला गेले नव्हते. त्यांनीच मीटिंगमध्ये माझं नाव काढलं. ‘अर्जुनाची पोर हाय, घ्या तिला. मानसानं मन मोठं ठिवावं.’

मन मोठं! तू तेव्हा सांगलीत होतीस, म्हणून एकदा नीट ऐकून घे. कर्ण्यावरचा तमाशा झाल्यावर यात्रेची कमिटी वर्गणी मागत घरोघर फिरली आणि आमचं दार सोडून पुढं गेली. बानं वाट बघितली आणि शेवटी तोच देवळात गेला. पावतीच्या टेबलाशी तुझे आप्पा बसले होते. बानं पाचशेची नोट ठेवली, आप्पांनी ती एका बोटानं मागं सरकवली. ‘अर्जुना, तुझं पैसं देवाला नगंत.’ ज्याची वर्गणी नाही त्याला मान नाही, हे आपल्या गावात तुला वेगळं सांगायला नको. पालखी आमच्या ढोलाच्या पहिल्या थापेवर उठते, आज्या-पणज्यापासून. त्या वर्षी बाहेरून ढोलवाले आणले. बा घरात ढोल मांडीवर घेऊन बसला होता. वाजवला नाही, जेवलाही नाही. पुढची यात्रा त्यानं बघितली नाही.

आता माझं ऐक. परवा मी गावाला बिलं वाटली. तुझ्या आप्पांचं बिल ऑफिसात त्यांच्या हातात दिलं आणि मिळाल्याची सही घेतली. त्यांनी झोकात सही ठोकली आणि म्हणाले, ‘हे बघ मंगल, केरबा यायचा तशी वसुलीला दारात येऊ नगंस. सरपंचाच्या अंगनात पट्टी मागनारं मानूस बरं दिसत न्हाई.’

मी म्हटलं, ‘बरं नानासो. न्हाई येत.’

आणि मी जाणार नाही. कायदा असा आहे, की बिल हातात पडल्यापासून तीन महिन्यांत पट्टी भरली नाही तर पंचायतीच्या माणसाचं पद जातं. मग तो सरपंच का असेना. मुदत गेल्यावर भरून उपयोग नाही. केरबाअण्णा दर आठवड्याला तुमच्या अंगणात आठवण करायला यायचे, चहा पिऊन जायचे, लोक त्यांना हसायचे. तुझ्या आप्पांची खुर्ची त्या म्हाताऱ्याच्या चिकटपणानं टिकली होती. त्यांनी माझ्या बाची वर्गणी घेतली नाही. मी त्यांची पट्टी मागणार नाही.

हे तुला का सांगते? सांगायचं तर सांग त्यांना, एका फोनचं काम आहे. माझी नोकरीही त्याच फोनात जाईल. पण बाची नोट मागं आली तेव्हा तू चकार शब्द काढला नव्हतास. आता कुणासाठी तोंड उघडतेस ते मला बघायचंय.

मंगल

◆

विश्रामबाग, सांगली
१६ जुलै

प्रिय मंगल,

तुझं पाकीट धैर्यशीलनं आणून दिलं. काठी टेकत एकटा गेटपर्यंत गेला होता. अपघातानंतर पहिल्यांदाच. सोसायटीचा वॉचमन माझ्या नवऱ्यासाठी टाळ्या वाजवायचाच बाकी होता. म्हणून तुझं पत्र मी हसत उघडलं, आणि मग हसू राहिलं नाही.

अर्जुनतात्यांच्या वेळी मी गप्प राहिले, हे खरं आहे. त्यावर मी काही बोलत नाही.

तुला एक मात्र माहीत नाही, ते सांगते. आप्पांना मोबाइलवरून पैसे भरणं जमत नाही. लाइटबिल, विमा, ट्रॅक्टरचा हप्ता, सगळं ते मला पाठवतात आणि मी इथून भरते. घरपट्टीही मीच भरायचे. केरबाअण्णा त्यांना टोचायचे, मग ते मला फोन करायचे, ‘साक्षे, भरून टाक गं.’ या रविवारी आमचं बोलणं झालं. बिलाचा विषय निघाला. लपवत नाही.

तुझा राग मला कळतो. पण तू लहानपणापासून उतावीळ. सूरपारंब्या खेळतानासुद्धा आधी उडी आणि मग फांदी बघायची. जरा दमानं घे.

तात्यांचा ढोल कुठे आहे?

तुझी,
साक्षी

◆

२५ ऑगस्ट २०२४

साक्षी,

म्हणजे मी चोराच्याच हातात किल्ली दिली. भरणारी तूच! मला तुझी कीव येत होती, की हिला बाप आणि मैत्रीण यांतून निवडावं लागणार. तू तर रविवारी निवडून मोकळीसुद्धा झालीस. ‘विषय निघाला, लपवत नाही.’ काय पण सौजन्य!

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी ऑफिसचा कॉम्प्युटर उघडून तुझ्या आप्पांचं खातं बघते. मला कामावरून काढल्याचं पत्र आधी येतं की तुझे पैसे, एवढंच बघायचं होतं. दोन्ही आलं नाही.

पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढं आप्पांनी भाषण ठोकलं. पट्टी थकवणाऱ्यांना नावं घेऊन झापलं. जोतीराम न्हाव्याला तर त्याच्या पोरांदेखत. वर म्हणाले, ‘माज्या घरची पट्टी कवाच भरलीया. सरपंच भरतो, मग तुमाला काय धाड भरलीया?’ मी टाळ्या वाजवल्या. मग ऑफिसात येऊन बघितलं. भरलेली नाही. ते खोटं बोलतायत का? पण खोटं बोलताना ते मिशीला हात लावतात, सगळ्या गावाला माहीत आहे. तेव्हा लावला नव्हता.

मला वाटतं तू मला खेळवतेस. शेवटच्या दिवशी तुझं बोट फोनवर पडेल आणि मी तोंडावर आपटेन. आपट. पण एक सांगून ठेवते, मी आपटले तरी मरणार नाही. पुढच्या वर्षी परत बिल येतं.

ढोल आढ्याला टांगलाय, बाच्या घोंगड्यात गुंडाळून. आई त्याच्याखाली झोपते.

मंगल

◆

विश्रामबाग, सांगली
६ सप्टेंबर

प्रिय मंगल,

आप्पांना जे वाटतं ते वाटू दे. तू त्यांच्या दारात गेली नाहीस ना? जाऊ नकोस.

ढोलाला ऊन दाखवत जा. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, तात्या म्हणायचे. यात्रेत मला खांद्यावर घेऊन त्यांनी एकदा पालखी दाखवली होती. आप्पांना गर्दीत मला उचलायला वेळ नव्हता.

साक्षी

◆

१८ ऑक्टोबर २०२४

साक्षी,

मुदत गेली. पट्टी भरलेली नाही.

त्या दिवशी मी ऑफिसात बसूनच होते. ग्रामसेवकांनी दोनदा विचारलं, ‘घरी न्हाई जायचं का?’ कुलूप लावून बाहेर पडले आणि बाभळीखाली उभी राहून एकटीच हसले. वेडी झाले असं लोकांना वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी आईला साताऱ्याला घेऊन गेले. कलेक्टर ऑफिसात अर्ज दिला, अर्जदार हरणाबाई अर्जुना दडस. नोकरीतलं माणूस असा अर्ज देऊ शकत नाही, आणि माझा भाऊ मल्हार अजून पोरसवदा आहे. घरातला बाप्या असून आईला पुढं करतो म्हणून लोक त्याला चिडवतील, पण आईच म्हणाली, ‘नवरा माजा गेला. अंगठा बी माजाच उठनार.’ तिथल्या कारकुनानं विचारलं, ‘आजी, तुमची तक्रार काय?’ आई म्हणाली, ‘सरपंचानं पट्टी भरली न्हाई.’ इतक्या साळसूदपणे, की मला तिच्याकडे बघवेना.

नोटीस गावात पोचली आणि त्याच दिवशी मला पिशवी ठेवायला सांगितली. आप्पांनी मला समोर उभं केलं. ‘तुला भाकरी दिली, तर तू ताटात थुंकलीस?’

मी म्हटलं, ‘नानासो, दारात येऊ नगंस म्हणालात, आले न्हाई.’

त्यांनी टेबलावर हात आपटला. ‘आगं पन पट्टी भरलीया! माज्या लेकीनं भरलीया!’ वकिलानं पावती मागितली, तर म्हणे तू सुनावणीच्या दिवशी पाठवतेस.

हे मला कळत नाही. माझा अंदाज असा, की तू विसरलीस. धैर्यशीलरावांचं दुखणं, घर, तुझ्या शिकवण्या, त्यात राहून गेलं, आणि आता बापाला सांगायला जीभ उचलत नाही. असंच असेल तर चालेल मला. तुझ्या विसराळूपणानं माझ्या बाला न्याय मिळत असेल तर तोही मी घेते. मला पुण्य नको आहे, मला ती खुर्ची रिकामी बघायची आहे.

मंगल

◆

२४ जानेवारी २०२५

साक्षी,

माझ्या पत्राला तीन महिने तुझं उत्तर नाही. मीही लिहिलं नव्हतं. पण काल जे झालं त्यावर मला तुझ्याकडून उत्तर पाहिजे.

सुनावणीला तुझे आप्पा कडक इस्त्रीच्या कपड्यात, चार माणसं घेऊन आले. आम्ही तिघंच, मी, आई आणि मल्हार. साहेबांनी सरळ विचारलं, पट्टी मुदतीत भरली का? आप्पा उठले. ‘भरलीया सायेब. माजी लेक सांगलीला असती, तीच भरती.’ त्यांनी तुझा मेसेज दाखवला. वकिलानं वाचून दाखवला, ‘भरलं आप्पा.’ तारीख जुलैची. साहेब म्हणाले, मेसेज चालत नाही, पावती द्या. वकील आप्पांच्या कानाला लागला, पावती आलेलीच नाही.

आप्पा डगमगले नाहीत. ‘मग तिलाच इचारा की. लेक बापाशी खोटं बोलंल व्हय?’ असं म्हणून त्यांनी तुला फोन लावला आणि आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. साक्षी, मला कर्णा आठवला.

‘साक्षे, सायेबांच्या म्होरं हाय मी. पट्टी भरलीस का न्हाई, सांग त्यास्नी.’

तू म्हणालीस, ‘न्हाई भरली, आप्पा.’

‘आगं, भरली म्हनालीस की मला!’

‘व्हय. म्हणाले होते. भरली न्हाई.’

आणि तू फोन ठेवलास.

आप्पांनी फोन उलटा करून बघितला, जणू बिघाड त्याच्यात होता. मला हसू फुटलं, खोटं कशाला सांगू. ओढणी तोंडात कोंबून बाहेर पळाले. इतकं गोड मला आयुष्यात काही लागलं नव्हतं. नंतर ते बाहेरच्या बाकावर बसले होते आणि त्यांच्याबरोबर आलेली चार माणसं चहाला म्हणून निघून गेली होती. आई त्यांच्याकडे बघत म्हणाली, ‘तुज्या बापाला असंच बसवलं हुतं.’

पण एसटीत बसल्यावर मला झोंबायला लागलं. सूड माझा होता. मी आखला, मी जपला, नोकरी घालवली. आणि कळतंय ते असं, की तू जुलैपासूनच त्यात होतीस आणि मला बाहेर ठेवलं होतंस. का केलंस? माझ्या बासाठी केलंस असं सांगू नकोस, मी विश्वास ठेवणार नाही.

मंगल

◆

विश्रामबाग, सांगली
२ फेब्रुवारी

प्रिय मंगल,

तात्यांसाठी नाही केलं. तू म्हणतेस म्हणून नाही, खरंच नाही. माझ्यासाठी केलं.

धैर्यशीलचा अपघात झाला तेव्हा ऑपरेशनला पैसे कमी पडत होते. मी आप्पांकडे मागितले. ते म्हणाले, ‘आदी कोरेगावला ये, एक सही कर, मग बगू.’ नवरा आयसीयूत, आणि मी एसटी बदलत कोरेगावला गेले. उसाच्या रानावरचा माझा हक्क मी खुशीनं सोडते, असा कागद तयार होता. खुशीनं हा शब्द त्यात होता, मंगल. मी सही केली. रजिस्ट्रार ऑफिसातून बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या हातात शंभराची नोट ठेवली, परतीच्या तिकिटाला. बाकीच्याचं विचारलं तर म्हणाले, ‘दिल्या घरच्यांनी बगायचं असतं आता.’

बांगड्या मोडल्या, धैर्यशीलच्या शाळेतल्या शिक्षकांनी वर्गणी काढली, त्यावर तो वाचला. आणि पंधरा दिवसांत आप्पांचा फोन आला, ‘साक्षे, लाइटबिल भर गं.’ काही झालंच नव्हतं जणू. लेक म्हणून माझा हक्क संपला होता, कारकून म्हणून मी चालू होते. मी भरत राहिले. प्रत्येक वेळी दात आवळून भरलं. काय करावं ते मला सुचत नव्हतं. तुझं पत्र आलं आणि सुचलं.

त्याच रविवारी बिलाचा विषय मीच काढला, सोमवारी त्यांनी बँकेतून पैसे पाठवले. मी भरले नाहीत आणि भरलं म्हणून कळवलं. सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी पैसे परत पाठवून दिले. तुला सांगितलं नाही, कारण तुझ्या चेहऱ्यावर सगळं उमटतं. आप्पांनी तुझ्याकडे एकदा निरखून बघितलं असतं तरी त्यांना कळलं असतं. तू माझ्यावर चिडलेली राहिलीस हेच बरं झालं.

फोनवर ‘न्हाई भरली’ म्हणताना माझा आवाज कापला नाही. फोन ठेवल्यावर मी बेसिनवर जाऊन तोंड धुतलं आणि शिकवणीच्या मुलांना पुढचं गणित घातलं. मला वाईट वाटेल म्हणून मी अजून वाट बघते आहे.

सोबत पाचशे रुपये आहेत, माझ्या शिकवणीच्या पैशांतले. यात्रेची वर्गणी. दिलेल्या लेकीची वर्गणी गाव घेत नाही, मला माहीत आहे. बघ तुला काही जमतं का.

तुझी,
साक्षी

◆

१४ एप्रिल २०२५

माझी साक्षी,

निकाल तुला कळला असेलच. आप्पांचं पद गेलं, कारभार उपसरपंचांकडे आला आणि ग्रामसेवकांनी मला परत बोलावलं. पिशवी पुन्हा माझ्या खांद्यावर आहे. यात्रेच्या कमिटीतूनही आप्पांना उठवलं. ज्याची पट्टी थकली त्यानं देवाचा पैसा कसा सांभाळायचा, असं पहिल्यांदा जोतीराम न्हावी बोलला. मग सगळेच बोलले. या वर्षी वर्गणीला माणसं फिरली, ती पहिल्यांदा आमच्या दारात आली. आईनं त्यांना जरा ताटकळत ठेवलं. चुलीवर दूध होतं म्हणे. चूल पेटलेली नव्हती.

काल यात्रा झाली. मल्हारनं बाचा ढोल गळ्यात घातला. कातडं तापवून खणखणीत केलं होतं, तुझी सूचना आईनं मोडली नाही. पहिली थाप पडली आणि पालखी उठली. आई रडली नाही. भंडाऱ्यानं पिवळी होऊन नुसती ढोलाकडे बघत उभी होती. मी रडले, गावभर दिसेल असं.

एक गोष्ट शेवटी सांगायची म्हणून ठेवली आहे.

सकाळी वर्गणीच्या टेबलाशी मला बसवलं होतं. केरबाअण्णा म्हणाले, वसुलीचा हात आहे हिचा. पावती फाडायची आणि माइकवरच्या पोराला नाव सांगायचं, की तो कर्ण्यावर पुकारतो. तुझे पाचशे मी मुद्दाम बाजूला ठेवले होते. बऱ्याच वेळानं तुझे आप्पा रांगेत दिसले. एकटेच. पुढच्यांनी त्यांना जागा दिली नाही, त्यांनीही मागितली नाही.

मी ठरवून बसले होते. नोट ठेवू देत, एका बोटानं मागं सरकवीन. शब्दसुद्धा तेच, पाठ करून ठेवले होते. आई माझ्या मागं बसली होती. तिला न सांगता कळलं. माझ्या कानाशी वाकून म्हणाली, ‘घी त्याची वर्गनी. न्हाई घेतलीस तर उद्या गाव त्याच्यासाठी हळहळंल. तुज्या बापासाठी हळहळलं तसं. त्याला तेवढं बी मिळू देऊ नगंस.’

साक्षी, मी स्वतःला सुडात मोठी समजत होते. आईपुढं मी काहीच नाही.

म्हणून मी आधी तुझी पावती फाडली. दिलेल्या लेकीची कशी घेतेस म्हणून केरबाअण्णा कुरकुरले. मी म्हटलं, ‘अण्णा, ती सासरी गेलीया, मेली न्हाई.’ मग माइकवरच्या पोराला नाव सांगितलं आणि ज्या कर्ण्यावरून माझ्या बाचं बोलणं गावाला ऐकवलं होतं, त्याच कर्ण्यावरून पोरगं ओरडलं, ‘साक्षी नानासो, सांगली, पाचशे रुपये!’

तुझे आप्पा टेबलाशी येऊन पोचले होते. त्यांची नोट हातातच राहिली. मी ती ओढून घेतली आणि त्यांची पावती लिहायला लागले, सगळ्यांची लिहिते तशीच, मान वर न करता.

ते वाकले. हळूच म्हणाले, ‘मंगल… साक्षीनं भरली?’

मी पावती फाडून त्यांच्या हातात दिली.

‘व्हय नानासो. ह्या टायमाला खरंच भरलीया.’

तुझी,
मंगल